बांबू खाऊन जगायचं म्हणजे काय: रेड पांडाचा रोजचा जमाखर्च

बैलासमोर तुरीचं कुटार टाकलं की तो आधी भराभर गिळून घेतो आणि मग सावलीत बसून निवांत रवंथ करत राहतो. कोरड्या काड्या, शेंगांची फोलपटं, पाल्याचा चुरा. आपल्या पोटात गेलं तर त्यातून काही हाती लागायचं नाही. बैल मात्र त्यावर दिवसभर वखर ओढतो. ही करामत खरं तर त्याच्या पोटातल्या जंतूंची. पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव काडीतला सेल्युलोज आंबवून फोडतात, आणि त्यातून जे निघतं त्यावर बैल पोसला जातो.

आता खाणं बैलाचं आणि पोट मांजराचं, असा प्राणी डोळ्यांसमोर आणा. तो रेड पांडा.

मोबाइलमुळं हा हिमालयातला प्राणी आता गडचिरोली-गोंदियाच्या पोरांनाही ओळखीचा झाला आहे. तांबूस अंग, काळं पोट, पांढरे कान, डोळ्यांपासून गालावर उतरलेल्या तांबड्या रेघा आणि मागं पट्ट्यापट्ट्यांची झुबकेदार शेपटी. बघणारा 'किती गोड' म्हणतो आणि पुढच्या व्हिडिओकडं वळतो. मला त्याच्या गोडपणापेक्षा त्याचा जमाखर्च नवलाचा वाटतो. रोजची ऊर्जेची आवक जेमतेम, त्यामुळं खर्च जपून. त्याचं झोपणं, थंडीत गुंडाळून बसणं, एकट्यानं राहणं, पिल्लांचा हंगाम, यातली कुठलीही सवय उचला, तिच्या मुळाशी बांबू सापडतो.

आधी थोडी ओळख. डोक्यापासून बुडापर्यंत हा ५० ते ६५ सेंटीमीटर भरतो, शेपटी वेगळी. वजन साधारण ३ ते ६ किलो, म्हणजे घरच्या मांजरापेक्षा थोडा मोठा. नेपाळ, भारत, भूतान, म्यानमारचा उत्तर भाग आणि दक्षिण चीन एवढाच त्याचा मुलूख. आपल्या देशात तो सिक्कीम, दार्जिलिंग-कालिम्पाँगचे डोंगर आणि अरुणाचल प्रदेशात आहे. सिक्कीमचा तो राज्यप्राणी. शास्त्रीय नाव 'आयलुरस फुलजेन्स', ते फ्रेडरिक क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२५ मध्ये दिलं. खरं तर थॉमस हार्डविक या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १८२१ मध्येच लंडनच्या लिनियन सोसायटीत या प्राण्यावर निबंध वाचला होता. पण तो छापून यायला १८२७ उजाडलं आणि तोवर क्यूव्हिएनं नाव ठेवून टाकलं होतं. फाइल अडकली की काम दुसऱ्याच्या नावावर जमा होतं, हे तेव्हाही असंच होतं.

चीनचा काळा-पांढरा मोठा पांडा याचा थोरला भाऊ असावा असं वाटतं, पण तसं काही नाही. मोठा पांडा सरळसरळ अस्वल आहे. रेड पांडा आपल्या कुळात आज एकटा उरला आहे, बाकीचे भाऊबंद जीवाश्मातच सापडतात. जिवंत प्राण्यांत त्याचे जवळचे म्हणजे अमेरिकेतले रॅकून आणि स्कंक, आणि पाणमांजर-चांदी अस्वलाचं (हे नावापुरतंच अस्वल) कुळ. गोंदियाकडच्या तलावांत मासे धरणारं पाणमांजर नात्यानं रेड पांडाला मोठ्या पांडापेक्षा जवळचं आहे. २०२० मध्ये जनुकं तपासून काही शास्त्रज्ञांनी असंही मांडलं, की हिमालयातला आणि चीनकडचा रेड पांडा या दोन वेगळ्या जातीच मानायला हव्यात. तो वाद शास्त्रज्ञांवर सोडू.

हे सगळं नातं मांसाहाऱ्यांचं आहे, आणि अडचण तिथंच आहे. पूर्वजांनी मांसासाठी घडवलेलं पोट याला वारशात मिळालं. आतडं आखूड. रवंथाचे कप्पे नाहीत. घोड्याच्या किंवा सशाच्या आतड्याला चारा आंबवायला जी मोठी पिशवी असते, तीही नाही. त्यामुळं खाल्लेला पाला दोन-चार तासांत बाहेर पडतो. एवढ्या वेळात त्यातून काय निघणार? जेवढा बांबू पोटात जातो, त्यातला सुमारे चौथा हिस्साच अंगी लागतो. रेड पांडाची लेंडी हातात घेऊन पाहिली तर ती हिरवट असते आणि तिच्यात पानांचे तुकडे चक्क ओळखू येतात. संशोधकांना हे सोयीचं पडतं. हा प्राणी दाट पानात बसलेला सहजासहजी दिसत नाही, पण पुन्हा पुन्हा ठरलेल्या जागीच विष्ठा टाकतो. त्यामुळं त्याची मोजदाद करायला निघालेली माणसं प्राण्याऐवजी लेंड्या शोधत फिरतात.

पचत नाही तर मग करायचं काय? भरपूर खायचं, पण वाट्टेल ते नाही. मोठा पांडा बांबूची कांडी चघळतो. रेड पांडाच्या चिमुकल्या जबड्याला ते परवडत नाही. तो पानांची टोकं आणि कोवळे कोंब तेवढे निवडतो आणि बारीक चावतो. सुळे मांसाहाऱ्याचे असले तरी मागच्या दाढा रुंद आणि उंचवट्यांच्या आहेत, पाला दळायला बऱ्या. दिवसात तो आपल्या वजनाच्या वीस ते तीस टक्के खातो, आणि जागेपणीचा बहुतेक वेळ यातच जातो.

पावसाळा त्याचे बरे दिवस. तेव्हा कोंब फुटतात आणि कोंबांत चोथा कमी असतो, म्हणून पानांपेक्षा ते जास्त पचतात. झाडीपट्टीत वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, खाणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. वरची पानं सोलून, बारीक चिरून, उकळून कडूपणा काढून टाकला की त्याच बांबूची भाजी होते. चार महिन्यांनी त्याच वास्त्याला हात लावा, कोयता परत येईल. जुनी पानं म्हणजे हिवाळ्यातली तंगी. रेड पांडा मग मिळेल तिथं वरकड शोधतो: रानफळं, ओकची फळं, आळंबी, फुलं, एखादं अंडं, क्वचित पाखरू किंवा उंदीर. फळांतली साखर ओळखण्यात तो पक्का. २००९ मध्ये वेगवेगळ्या मांसाहारी गणातल्या प्राण्यांना गोड पाणी देऊन पाहिलं, तेव्हा ॲस्पार्टेमसारखा बनावट गोडवा पसंत करणारा तो एकटा निघाला. तोवर माणूस आणि माकडांच्या गटालाच तो गोड लागतो असं समजलं जायचं. उलट मांसाची चव ओळखणारं जनुक त्याच्यात आणि मोठ्या पांडात दोघांतही निकामी झालं आहे.

त्याचा हात मात्र जवळून बघण्यासारखा आहे. रेड पांडा ओंडक्यावर बसतो, मागच्या पायांवर थोडा मागं रेलतो आणि पुढच्या पंजानं बांबूची फांदी तोंडाकडं ओढतो. पाच बोटं एका बाजूला. दुसऱ्या बाजूनं तळव्याच्या मुळाशी एक गाठीसारखा उंचवटा, तो फांदीला पलीकडून दाबतो. तो अंगठा वाटतो, पण अंगठा नाही. खरा अंगठा बाकीच्या चार बोटांच्याच रांगेत आहे. हा उंचवटा म्हणजे मनगटातलं एक लहानसं हाड, ते वाढून बाहेर आलं आहे. मोठ्या पांडातही तेच हाड वाढलेलं आहे, पण दोघांत ते स्वतंत्रपणे घडलं. स्पेनमध्ये सापडलेल्या एका प्राचीन नातेवाइकाच्या सांगाड्यातही हे हाड असंच मोठं होतं, आणि तो प्राणी मांस खाणारा होता. त्यावरून अभ्यासकांचा कयास असा, की हा जोड-अंगठा आधी झाडावर पकड घ्यायला आला आणि बांबूच्या कामी नंतर लागला. घरात एका कामासाठी आणलेली वस्तू दुसऱ्याच कामी येते, त्यातला प्रकार.

आता खर्चाची बाजू. रेड पांडा दिवसाचा अर्ध्याहून अधिक वेळ पडून असतो. फिरणं-खाणं मुख्यतः पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री. थंडी वाढली की फांदीवर गोल गुंडाळून घेतो आणि शेपटी तोंडावर ओढतो. अंगातली ऊर्जा जाळण्याचा वेगही तो खाली आणू शकतो. ऊन झालं की याच्या उलट, पोटावर पसरून चारही पाय फांदीच्या दोन्ही बाजूंना लोंबकळत सोडतो. तळपायांवरसुद्धा दाट केस आहेत, त्यामुळं बर्फावर आणि ओल्या शेवाळी फांदीवर पाय गारठत नाहीत आणि घसरतही नाहीत. घोट्याचा सांधा असा फिरतो की झाडावरून तो डोकं खाली करून उतरतो. आपल्या ओळखीतली खार तशी उतरते, मांजराला ते जमत नाही.

रंगाचं कोडं मलाही बरेच दिवस होतं. एवढा तांबडा रंग घेऊन हिरव्या जंगलात लपायचं कसं? पण तो बसतो त्या फर झाडांच्या खोडांवर तांबूस-तपकिरी शेवाळाचे आणि दगडफुलाचे गुच्छ लोंबत असतात. त्यात त्याची पाठ मिसळून जाते. पोट काळं, म्हणून खालून वर बघणाऱ्याला तो सावलीतल्या फांदीसारखा वाटतो. हिमबिबट्याला आणि मार्टेनला, म्हणजे मुंगसासारख्या झाडांवर चढणाऱ्या शिकाऱ्याला, चुकवायचं तर पळण्यात त्याचा निभाव लागणार नाही. न दिसणं स्वस्त पडतं.

शाळेतल्या पोरांनी इथवर ऐकलं की ती हमखास एक प्रश्न विचारतात: "सर, आपल्या जंगलात एवढा बांबू हाये, मंग हा इथं काहून नाही?" प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्राचा बांबू म्हटलं की गडचिरोली-चंद्रपूरच डोळ्यांसमोर येतं. बल्लारपूरचा कागद कारखाना याच बांबूच्या आधारानं उभा राहिला, बुरडांच्या कित्येक पिढ्यांनी त्यावर सुपं, टोपल्या आणि ढोल्या विणल्या.

पहिलं कारण पारा. २५ अंशांच्या वर रेड पांडाला त्रास व्हायला लागतो. चंद्रपूरची मे महिन्यातली ४५-४६ अंशांची दुपार सोडाच, तिथली जानेवारीतली दुपारही त्याला जास्त होईल. तो राहतो साधारण २,२०० ते ४,८०० मीटर उंचीवर, ढगांनी भिजलेल्या जंगलात. विदर्भात थंड हवेचं ठिकाण म्हणून आपण चिखलदऱ्याला जातो, त्याची उंची १,१०० मीटरच्या आसपास. म्हणजे आपला डोंगर जिथं संपतो, त्याच्या दुप्पट उंचीवर रेड पांडाचं घर सुरू होतं.

दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. आपल्या जंगलातला मुख्य बांबू मानवेल. कोरड्या रानात तो उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळतो. मार्च-एप्रिलमध्ये पेंढरी-धानोऱ्याकडच्या रानातून जा, बांबूच्या रांजी पिवळ्या पडून खालचा पाचोळा पायाखाली कुरकुरत असतो. वर्षाचे बारा महिने पानावरच जगणाऱ्याला असा बांबू काय कामाचा? हिमालयात फर, ओक आणि बुरांश, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, यांच्या सावलीत बारीक, बोटाएवढ्या जाडीचे बांबू वाढतात. दार्जिलिंगकडं त्यातल्या एकाला मालिंगो म्हणतात. त्यांची पानं हिवाळ्यातही हिरवी असतात, बर्फाखाली वाकलेली का होईना. शिवाय रेड पांडाला जवळ वाहतं पाणी हवं, वर चढून बसायला जुनी झाडं हवीत आणि बांबूच्या शेंड्यापर्यंत पोचायला जमिनीवर आडवे पडलेले ओंडके हवेत. नुसता बांबू असून भागत नाही.

त्याच्या विणीचं वेळापत्रकही याच हिशेबात बसतं. एरवी नर-मादी वेगळे, आपापल्या हद्दीत. हद्द सांगायची तीही वासानं: मूत्र, बुडाजवळच्या ग्रंथी आणि तळपायांतून झिरपणारा स्राव. दुसऱ्याची खूण तपासताना तो जीभ लावून बघतो, जिभेच्या खालच्या बाजूनं. जानेवारी ते मार्चमध्ये जोड्या जमतात, आणि मादी माजावर असते ती वर्षातून फार तर एक-दोन दिवस. ती संधी हुकली तर गोष्ट पुढच्या वर्षावर. गाभणपण ११२ ते १५८ दिवसांचं. हा एवढा फरक पडतो, कारण गर्भ काही काळ गर्भाशयात न रुजता थांबून राहू शकतो असं मानतात. त्यामुळं पिल्लं जन्मतात ती बहुतेक जून-जुलैमध्ये, म्हणजे ऐन कोंबांच्या हंगामात. पाजणाऱ्या आईला एरवीपेक्षा पुष्कळ जास्त खावं लागतं, आणि तेव्हाच कोवळं खाणं हाताशी असतं.

एक ते चार पिल्लं, बहुधा दोन. प्रत्येक शंभर-सव्वाशे ग्रॅमचं, डोळे मिटलेलं, करड्या लोकरीचं. आई झाडाच्या ढोलीत पालापाचोळा आणि शेवाळ भरून घरटं करते. पहिला आठवडाभर पिल्लांना जवळजवळ सोडतच नाही, नंतर चरायला जाऊन दर थोड्या तासांनी परत येते. आसपास दोन-चार ढोल्या तिनं हेरून ठेवलेल्या असतात, धोका वाटला की पिल्लाची मान तोंडात धरून ती मुक्काम हलवते. डोळे उघडायला अडीच आठवडे लागतात, बाहेर पडायला तीन महिने. बाप यात कुठंच नसतो. वर्षाला एक वीत, तीत दोन पिल्लं, आणि तीही मोठी व्हायला दीड वर्ष. हा प्राणी कमी झाला तर पटकन भरून का निघत नाही, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

जाता जाता त्या प्रसिद्ध व्हिडिओबद्दल. रेड पांडा मागच्या दोन पायांवर उभा राहतो, दोन्ही हात डोक्यावर नेतो, आणि खाली हजारो लोक हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावतात. आपसात खेळतानाही ते असं करतात, पण समोर माणूस किंवा कुत्रं असेल तर बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो. आकारानं मोठं दिसावं आणि पंजाच्या नख्या मारायला मोकळ्या राहाव्यात म्हणून ते उभं राहणं. हसू नये असं नाही, पण कॅमेरा आणखी जवळ नेऊ नये.

२०१५ पासून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद 'संकटग्रस्त' अशी आहे. जंगलात प्रौढ रेड पांडा दहा हजारांहून कमी असावेत असा अंदाज. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण. पण कायद्याची शिकाऱ्याला जरब बसते, रस्त्याला आणि कुत्र्याला बसत नाही. कस्तुरीमृग किंवा रानडुकरासाठी लावलेल्या फासात हा फुकटचा अडकतो. जळणासाठी आणि चराईसाठी जंगल विरळ होतं. गावातली मोकळी कुत्री आणि मेंढपाळांची कुत्री त्याला मारतातच, शिवाय डिस्टेंपरचा आजार देऊन जातात, आणि या आजारापुढं रेड पांडा अगदी दुबळा आहे. ताडोबाच्या कडेच्या गावांत कुत्र्यांनी चितळाचं पाडस फाडल्याचं ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना हा प्रश्न नवा नाही.

सगळ्यात अवघड धोका पुन्हा बांबूतूनच येतो. बांबू कित्येक वर्षांनी एकदा फुलतो, एकाच वेळी डोंगरच्या डोंगर, आणि बी धरून मरून जातो. आपल्याकडची म्हातारी माणसं बांबू फुलला की अजूनही दुष्काळाची आठवण काढतात, आणि त्याच माणसांनी बांबूचं बी कांडून भातासारखं खाल्लेलंही असतं. रेड पांडाला बी नको, पान हवं. पूर्वी असं झालं की तो शेजारच्या डोंगरावर दुसऱ्या जातीच्या बांबूकडं सरकायचा. आता मधल्या खोऱ्यात शेत, रस्ता, वस्ती. जंगलाचे तुकडे पडले की सरकायला वाट राहत नाही. नव्या बांबूला पुन्हा पानं धरायला वर्षं लागतात, आणि याच्या पोटात तर एका दिवसाचीही साठवण नसते.

नेपाळात रेड पांडाच्या जंगलाचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यानांच्या बाहेर, गावांच्या सामुदायिक वनांत येतो. म्हणून तिथं गावकऱ्यांनाच राखणदार नेमलं आहे. ठरलेल्या वाटांनी फिरायचं, लेंड्यांची नोंद ठेवायची, फास काढून टाकायचे, हे त्यांचं काम आणि त्याचा मोबदला. आपल्याकडं गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकला, तेव्हा बांबू कुणी आणि किती तोडायचा हे ग्रामसभेत ठरायला लागलं. प्राणी वेगळा, डोंगर वेगळा, पण राखायचं कुणी हा प्रश्न दोन्हीकडं तोच.

प्रत्यक्ष बघायचा असेल तर दार्जिलिंगचं पद्मजा नायडू हिमालयन प्राणी उद्यान सोयीचं. १९५८ मध्ये सुरू झालेल्या या उद्यानात रेड पांडाची पैदास केली जाते आणि २००३ मध्ये तिथल्या दोन माद्या सिंगालीलाच्या जंगलात सोडल्या होत्या. सकाळी लवकर जा, दुपारी तो फांदीवर झोपलेला सापडेल. जंगलातच शोधायचा असेल तर सिंगालीला राष्ट्रीय उद्यान आहे, पण ते १६ जून ते १५ सप्टेंबर बंद असतं. पिल्लं ढोलीत असतात तेच हे महिने, तेव्हा तिकिटं काढताना तेवढं बघून काढा.